फाटा, अंधार आणि मागची सीट

देशाला दुचाकीवर बसवणाऱ्या घराण्यांपैकी एक, बजाज, वर्ध्याचं. सेठ बछराज हे जमनालाल बजाजांचे दत्तक आजोबा. त्यांच्या नावाची बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन २९ नोव्हेंबर १९४५ रोजी स्थापन झाली, १९४८ पासून ती बाहेरून आणलेल्या दुचाकी-तीनचाकी विकू लागली, १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. कारखाना आकुर्डीला गेला. वर्ध्याच्या वाट्याला गाड्या आल्या, आणि त्या भरपूर आल्या. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट, वर्धा या आठही तालुक्यांत एमएच ३२ ची पाटी नसलेलं गाव शोधून सापडायचं नाही.

या गाड्यांवर काय काय जातं ते बघावं. नवरा पुढे, बायको मागे एका अंगाला बसलेली, मधे पोरगं, टाकीवर खताची बॅग. दुधाच्या कॅन, फवारणीचा पंप, शेतात द्यायची मोटारीची बेल्ट-पुली, लग्नाचा आहेर. सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासणीला, हिंगणघाटच्या बाजार समितीत भाव विचारायला, संध्याकाळी वावरातून परत. गावाकडची शेवटची एसटी लवकर निघून जाते, मग रात्रीचं सगळं येणं-जाणं दोन चाकांवर. जाहिरातीत मोटारसायकल ही एकट्या तरुणाची सवारी असते. इथे ती घराची गाडी आहे. सुरक्षिततेचे सगळे धडे मात्र फक्त हँडल धरणाऱ्याला दिले जातात. मागे बसलेल्या माणसाचा, समोरच्या फाट्याचा आणि रात्रीच्या अंधाराचा विचार त्यात जवळजवळ नसतो. हा विषय जितका पाहिला, तितकी हीच गोष्ट जास्त खटकली.

आधी देशाचे आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं मेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७, म्हणजे शंभरातली जवळपास पंचेचाळीस. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर आपला क्रमांक. यातला वर्ध्यासारख्या जिल्ह्याने लक्षात ठेवावा असा आकडा वेगळाच आहे: एकूण मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागात झाले. गर्दी शहरात, मरण खेड्यात. शहरात गाडी रांगेत अडकते, तिथे चालायचा वेगच कमी असतो. जाम ते वडनेर किंवा देवळी ते भिडी या पट्ट्यात असं कोणी अडवत नाही.

रस्त्यांचं जाळं या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत पार बदललं. नागपूर-हैदराबादचा राष्ट्रीय महामार्ग ४४ जाम, हिंगणघाट, वडनेरवरून जातो. कारंजा आणि तळेगाववरून ५३ क्रमांकाचा. बुटीबोरीहून केळझर, सेलू, वर्धा, देवळी करत यवतमाळकडे जाणारा ३६१ तर डोळ्यांदेखत रुंद झाला. आणि ११ डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग सुरू झाला, जो सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून जातो आणि ज्यावर दुचाकीला बंदी आहे. बंदी योग्यच आहे. ताशी १२० च्या मोटारींमध्ये शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचं काम नाही. पण ज्यांची जमीन रस्त्यात गेली, त्यांच्या मोटारसायकली अजून जुन्याच रस्त्याने, जुन्याच साईडपट्टीने चालल्या आहेत, हेही नोंदवायला हवं. मलेशियाने १९७० च्या दशकात क्वालालंपूरच्या फेडरल हायवेलगत दुचाकींसाठी वेगळी मार्गिका बांधली, कारण रस्त्यावर दुचाकीच जास्त आहेत हे त्यांनी मान्य केलं. आपण दुचाकीला एका रस्त्यावरून काढलं आणि दुसऱ्या रस्त्यावर तिच्यासाठी काही केलं नाही.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर ८० आणि इतर रस्त्यांवर ६० आहे. रुंद, गुळगुळीत रस्ता झाला की ८० च्या पुढे काटा कधी गेला ते कळतच नाही. खड्डे होते तेव्हा खड्डेच वेग आवरत होते. रस्ता चांगला झाला, फाटा मात्र होता तसाच राहिला.

फाटा म्हणजे काय, ते विदर्भात सांगायला नको. गावाचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो ती जागा: एक चहाची टपरी, एक पंक्चरवाला, प्रवासी निवारा असलाच तर त्यात बकऱ्या, कोपऱ्यावर नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. हा फ्लेक्स अनेकदा नेमका अशा उंचीवर आणि अशा कोनात बांधलेला असतो की गावातून येणाऱ्याला नागपूरकडून येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. गावरस्ता मुख्य रस्त्यापेक्षा खाली असतो, म्हणून चढ चढून वर यायचं असतं. चढावर गाडी बंद पडू नये म्हणून माणूस रेस देतो आणि न थांबता एकदम डांबरावर येतो. दुभाजक असेल तर पलीकडे जाण्यासाठी कट एक-दोन किलोमीटर पुढे असतो. तेवढं कोण जाणार, म्हणून राँग साइडने साईडपट्टी धरून उलटं यायचं. हे सगळे करतात. बेशिस्त म्हणून नाक मुरडणं सोपं आहे, पण कोणत्याही शेतकऱ्याला वावर दोनशे मीटरवर असताना रोज चार किलोमीटरचा फेरा घालायला लावणारी आखणी ही चुकीची आखणीच.

लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट यांच्या गटाने मोटारसायकल अपघातांचा जो मोठा अभ्यास केला आणि १९८१ मध्ये मांडला, त्यात नऊशे अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले होते. सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी धडकून झालेले. आणि त्यातल्या दोन तृतीयांश प्रकरणांत दुसऱ्या वाहनाने मोटारसायकलचा जाण्याचा हक्क डावलून वाट अडवली होती. मोटारसायकल आपल्याला दिसलीच नाही, असं ते चालक सांगत. तिथली वळणं उजवी-डावी आपल्या उलट, रस्ते वेगळे, गाड्या वेगळ्या. पण समोरून येणारी अरुंद दुचाकी नजरेतून सुटते आणि तिच्या वेगाचा अंदाज चुकतो, हे डोळ्यांचं गणित सगळीकडे सारखंच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही आपोआप चालू राहतो तो यासाठीच. तरी लोक अजून सिग्नलवर थांबून "भाऊ, लाइट चालू आहे" असं सांगतात.

तेव्हा फाट्याजवळ येताना मोटारसायकलवाल्याने एक धरून चालावं की समोरच्याने आपल्याला पाहिलेलं नाही. थ्रॉटल सोडायचं, दोन बोटं ब्रेकवर आणायची, समोरच्याच्या पुढच्या चाकाकडे बघायचं; डोळे फसवतात, पण चाक हललं की हललं. हॉर्न द्यावा, पण फक्त हॉर्नच्या भरवशावर जाऊ नये. आणि गावातून वर येणाऱ्याने एक पाय टेकवून, दोन्हीकडे बघूनच डांबरावर यावं. एवढं सांगून झाल्यावर उरलेलं काम सार्वजनिक बांधकाम विभागाचं आणि महामार्ग प्राधिकरणाचं आहे: गावरस्त्याचा शेवटचा तुकडा सपाट करणं, कोपरा मोकळा ठेवणं, एक दिवा लावणं. मंत्रालयाच्या व्याख्येत साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले की ती जागा 'अपघातप्रवण स्थळ' ठरते आणि मग तिच्यावर खर्च होतो. म्हणजे फाट्याला दिवा मिळवायला आधी माणसं खर्ची पडावी लागतात. ही व्याख्या मोठ्या रस्त्यांना ठीक असेल. ज्या फाट्यावर वर्षाला एकच मोटारसायकल सापडते, तो फाटा तिच्यात कधी बसतच नाही.

२४ जानेवारी २०२२ च्या रात्री जिल्ह्यातल्याच सेलसुऱ्याजवळ पुलावरून मोटार खाली कोसळली आणि सात वैद्यकीय विद्यार्थी गेले, तेव्हा देशभर बातमी झाली, पंतप्रधानांनी शोक व्यक्त केला. दुचाकीवरचे मृत्यू एकेक करून होतात, जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर दोन इंचांत येतात. एकेक करून होणाऱ्या मृत्यूंचा मोर्चा निघत नाही.

आता अंधार. एक हिशेब करून बघू. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त. अचानक काही दिसल्यावर मेंदूला कळून हात-पाय हलेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर अंतर गेलं. मग चांगले टायर, कोरडा रस्ता, दोन्ही ब्रेक व्यवस्थित दाबलेले असतील तर थांबायला आणखी सुमारे २३ मीटर. एकूण ४८. हाच हिशेब ४० ला केला तर २७ मीटर येतो आणि ८० ला ७५. छोट्या मोटारसायकलचा डिपर, तोही काचेवर धूळ बसलेला, धड दिसेल असा उजेड तीस-चाळीस मीटरच्या पलीकडे फारसा टाकत नाही. म्हणजे काळोख्या रस्त्यावर ६० ने जाणारा माणूस आपल्याला न दिसलेल्या रस्त्यावर गाडी हाकत असतो. समोरून ट्रकने अप्पर मारला की तोही उजेड गेला. त्या वेळी दिव्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीकडे बघावं आणि वेग कमी करावा. चिडून आपणही अप्पर मारला तर दोघंही आंधळे.

या अंधारात वर्धा जिल्ह्यात रस्त्यावर काय काय असतं? दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या. कापूस ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडे फुगलेला, वरून जाळी नाहीतर ताडपत्री बांधलेली, मागचा दिवा असला तरी तिच्याखाली झाकलेला. जिनिंगबाहेर रांग लागली की अशा ट्रॉल्या रात्रभर रस्त्याच्या कडेला उभ्या. ट्रॅक्टरची गती पंधरा-वीस. मागून ६० ने येणाऱ्याला ती ट्रॉली उभी असल्यासारखीच. अपघातांच्या प्रकारांत देशात मागून बसलेल्या धडकेचा गट सर्वांत मोठा आहे, याचं आश्चर्य वाटायला नको. रेडियमची लाल पट्टी किती महाग असते? फवारणीच्या एका बाटलीच्या पैशात सगळी ट्रॉली सजेल. बाजार समितीने आणि सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्राने रेडियम नसलेल्या ट्रॉलीला टोकनच देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. एका हंगामात सगळ्या ट्रॉल्या चमकू लागतील.

दुसरं सोयाबीन. ऑक्टोबरात नवा सिमेंट रस्ता म्हणजे आयतं खळं. अर्ध्या रस्त्यावर शेंगा नाहीतर दाणे पसरलेले, आणि कोणी त्यावरून गाडी घालू नये म्हणून कडेने डोक्याएवढे दगड मांडलेले. संध्याकाळी माल गोळा होतो, पोती घरी जातात, दगड तिथेच राहतात. राखाडी सिमेंटवर राखाडी दगड. मोटारीचा टायर फुटेल, मोटारसायकलचा माणूस हवेत जाईल. शेतकऱ्याला वाळवायला जागा नाही हे खरंच आहे, ग्रामपंचायतींनी खळ्यासाठी ओटे बांधायला हवेत हेही खरं. पण दगड उचलायला सरकार लागत नाही.

तिसरे रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. हिंगणीकडून पुढे आणि कारंजा-आष्टीच्या जंगलपट्ट्यात वाघ क्वचित आडवा येतो, रोही रोज. दोनशे किलोच्या वर वजनाचं जनावर अंगावर आलं तर हेल्मेटही पुरं पडत नाही. एक रोही रस्ता ओलांडून गेली की सुटलो असं समजून लोक रेस देतात आणि तिच्या मागची त्यांच्यावर येते. कळप असतो. पहिली दिसली की थांबायचंच.

हेल्मेटवर बोलायचं तर महाराष्ट्रात वाद जास्त आणि हेल्मेट कमी. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत सक्तीविरोधात पगड्या घालून आंदोलन झालं. २०१६ मध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा झाली आणि विरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यावरही कारवाईचे आदेश काढले. कायदा मात्र जुना आणि स्वच्छ आहे: मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९, चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही. २०१९ च्या दुरुस्तीने १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन जोडलं. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सक्ती खरोखर अमलात आणली आणि काही आठवड्यांत मोठ्या शहरांत दहातल्या नऊहून जास्त डोक्यांवर हेल्मेट आलं. तिथेही ऊन आहे, तिथेही लोक तक्रारी करतच होते.

ऊन हा वर्ध्यातला खरा अडसर आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी बाहेर पडणारा प्रत्येक जण डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळतो, नुसते डोळे उघडे. त्यावर हेल्मेट चढत नाही, चढलं तर सैल बसतं. उपाय साधा आहे: पातळ सुती दुपट्टा फक्त तोंड-मानेला, डोक्यावर एकच घडी, आणि त्या घडीसकट दुकानात माप घेऊन घेतलेलं पांढरं, हवेची भोकं असलेलं हेल्मेट. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला-विकायला बंदी आहे. रस्त्याच्या कडेला टांगलेली दोनशे रुपयांची टोपी पोलिसाला फसवते, डांबराला फसवत नाही. नवी गाडी विकताना कंपनीने प्रमाणित हेल्मेट द्यावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमात लिहिलं आहे. गाडी घेताना ते मागून घ्यावं. आणि हनुवटीखालचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीला डोक्यावरून उडून जातं. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. दुसऱ्या कोणत्याही एका वस्तूने एवढं होत नाही.

भारतात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं मेली. त्यातली १४,३३७ मागे बसलेली. या चौदा हजारांबद्दल कोणी बोलत नाही. घरात एक हेल्मेट असतं, ते 'चालवणाऱ्याचं'. बायको, आई, बहीण मागे उघड्या डोक्याने, आणि एका अंगाला बसलेली. एका बाजूला पाय टाकून बसल्यावर धरायला फार काही नसतं. एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्यात पिशवी नाहीतर लेकरू. पुढच्याला ब्रेकर दिसतो, तो स्वतःला सावरतो. मागचीला काहीच कळत नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा. आपल्याकडे गावाने रातोरात बांधलेला असतो, पायरीसारखा. मागे बसलेली बाई गाडीवरून उडते आणि डोक्यावर पडते, गाडी आणि नवरा मात्र पुढे उभे. पुढच्याने प्रत्येक ब्रेकरआधी "धर" म्हणावं, एवढी साधी सवय कितीतरी जणींना वाचवेल.

हात धरायची पकड, पाय ठेवायचं पायदान आणि मागच्या चाकाची निम्मी बाजू झाकणारी जाळी, ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो, ती नियम १२३ प्रमाणे बंधनकारक आहे. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पोरं ती पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. मग पदर, ओढणी, दुपट्ट्याचं टोक चाकात. मुलांसाठीही नियम झाला आहे: १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या लेकराला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा. असा पट्टा लावलेलं मूल वर्ध्याच्या रस्त्यावर दिसणं म्हणजे दुर्मीळच. टाकीवर बसून हँडल धरलेली मुलं मात्र पावलोपावली.

ब्रेकबद्दल एक अंधश्रद्धा आहे की पुढचा दाबला तर गाडी उलटते. वस्तुस्थिती उलट आहे. ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं आणि घसरतं. थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्यातच. तो एकदम न आवळता हळूहळू पण घट्ट दाबायचा, मागचा सोबतीला, गाडी सरळ ठेवून. मोकळ्या मैदानात, रिकाम्या रस्त्यावर याचा सराव करावा लागतो. घाबरलेला पाय फक्त मागचाच दाबतो. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक ब्रेक मारला की दुसराही थोडा लागतो अशी जोडणी, आणि त्यावरच्यांना एबीएस, हे २०१९ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्या गावागावांत अजून धावताहेत, त्यांतल्या कितीतरींचा टायर गोटा झालेला, चेन ढिली, मागचा बल्ब गेलेला.

गिट्टी, वाळू आणि चिखलावर मात्र पुढचा ब्रेक जपून. पावसाळ्यात ट्रॅक्टर वावरातून वर येतो तेव्हा चाकांना लागलेली काळी माती शंभर-दोनशे मीटरपर्यंत रस्त्यावर सोडत जातो. त्यावर पहिली रिमझिम पडली की डांबर साबण होतं. तिथे ब्रेक नको, वळण नको, इंजिनवर गाडी हळू करून सरळ निघून जायचं. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवयही सोडावी.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा, एवढंच. धाम, यशोदा, वेणा, बोर, पोथरा, या नद्या आणि त्यांचे नाले दोन तासांत चढतात आणि बहुतेकदा तेवढ्याच वेळात उतरतात. पाणी गुडघ्याएवढंच दिसतं, पण रपट्याची कड खाली कुठे खचली आहे ते दिसत नाही. दर पावसाळ्यात विदर्भातून अशा बातम्या येतात आणि त्यात नेहमी एक वाक्य असतं की बाकीच्यांनी थांबायला सांगितलं होतं.

परवान्याची परीक्षा अजून आठाचा आकडा काढून होते. आठ काढल्याने तोल समजतो. फाटा, अंधार, ट्रॉली, मागे बसलेली आई, यातलं काहीच त्यात नाही. बहुतेक पोरं परवान्याआधी दोन-तीन वर्षं चालवतच असतात, दहावीत गेला म्हणून गाडी देतात. कायद्याने गियरच्या गाडीला अठरा पूर्ण हवीत. २०१९ च्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. कोचिंग क्लास सुटल्यावर बाहेर पडणारा गाड्यांचा थवा बघितला तर हे कलम कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

दारूचं वर्ध्यात वेगळंच दुखणं. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. बंदीचे बरेवाईट परिणाम हा स्वतंत्र विषय, पण रस्त्यापुरता एक परिणाम उघड आहे: पिणारा माणूस गाडी काढून जिल्ह्याच्या सीमेबाहेर जातो आणि रात्री तीच गाडी चालवत परत येतो. वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ नाहीतर अमरावती, बुटीबोरीकडे गेलं की नागपूर. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. शनिवार-रविवारच्या रात्री श्वास तपासायचा असेल तर तो या चार-पाच वाटांवर तपासावा. भर दिवसा चौकात कागदपत्रं बघण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

एक बाजू वर्ध्याची बळकट आहे. सेवाग्रामला १९६९ पासून आणि सावंगीला १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही शहराला लागून. एवढी सोय कित्येक मोठ्या जिल्ह्यांना नाही. पण आष्टी-कारंजाकडच्या किंवा समुद्रपूरच्या आतल्या गावातल्या माणसाला तिथे पोचायलाच तास जातो. १०८ ला फोन करावा, महामार्गावर १०३३. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नये. मान धरून दोघांनी मिळून, तेही श्वास अडत असेल तरच. त्याला उचलून मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नये, मणक्याची दुखापत कायमची होते. आणि पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार ही भीती आता जुनी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१६ च्या निकालाने आणि पुढे कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या योजनेत आता २५,००० रुपये मिळू शकतात. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची योजनाही लागू आहे. दाखल करतानाच तिची चौकशी करा.

राहिला कागद. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम येतो. त्या सोयीचा तोटा असा की पाच वर्षांनी तो संपतो तेव्हा कोणाच्या लक्षात नसतं; २०२० च्या दिवाळीत घेतलेल्या गाडीचा विमा २०२५ च्या दिवाळीत संपला. मालक-चालकाचं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कवच वेगळं घ्यावं लागतं, आणि वैध परवाना नसेल तर ते मिळत नाही. तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात ठरवलं की नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत गाडीवर मागे बसलेला माणूस येत नाही. त्याच्यासाठी पॅकेज पॉलिसी, म्हणजे ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो ती, किंवा मागच्या प्रवाशाचं वेगळं कवच लागतं; वर्षाला फरक काही शे रुपयांचा. तेव्हा आज संध्याकाळी गाडीच्या डिकीतली किंवा मोबाइलमधली पॉलिसी उघडा आणि दोन गोष्टी बघा: शेवटची तारीख कोणती, आणि तुमच्या मागे रोज बसणाऱ्या माणसाचा त्यात उल्लेख आहे की नाही.